हातची विद्या

आपल्या भाषेने एकाच गोष्टीला चार नावे ठेवली आहेत. ती पंडिताजवळ असली तर विद्या, गवयाजवळ असली तर कला, लोहारा-सुताराजवळ असली तर कसब. आणि त्याने तिचे पैसे मागितले की तो धंदा. नाव बदलले की मोलही बदलते. विद्येला दक्षिणा देतात, कलेला बिदागी, कसबाला मजुरी. धंद्याशी मात्र घासाघीस करतात. दिवाळीच्या आधी माळ्यावरून पितळेची पातेली खाली येतात, चिंच लावून ती घासली जातात, आणि "पूर्वी दारावर कल्हईवाला येत असे हो!" असा एक उसासा घराघरांतून निघतो. हा उसासा खरा असतो. पण तो कल्हईवाला दारात उकिडवा बसून भाता ओढत होता तेव्हा आपण त्याच्याशी चार आण्यांसाठी हुज्जत घालीत होतो, हेही तितकेच खरे. गरज सरल्यावर ज्या विद्येचे आपल्याला कौतुक वाटू लागते, त्या कौतुकावर आपला नैतिक हक्क किती, हा प्रश्न गेले वर्षभर माझा पिच्छा पुरवीत आहे.

प्रश्न मला सुचला तो माझ्या हुशारीने नव्हे. मी मांजरेकाठच्या कळंबला राहतो, शाळामास्तरकीतून निवृत्त झालो आहे, आणि सकाळचा वेळ मोंढ्याच्या वाटेवरच्या एका लोहाराच्या पालाखाली घालवतो. या लोहाराला सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मामांचा मुलगा माझ्याच वर्गात शिकला. पुढे तो आयटीआयला गेला, आणि आता चाकणला संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करतो. सुट्टीला घरी आला की भट्टीकडे फिरकत नाही. दुसरीकडे माझा पुण्याचा पुतण्या. दिवसभर काचेच्या थंडगार खोलीत बसून पगार मिळवणारा हा मुलगा चांगले पैसे मोजून दोन दिवसांच्या लोहारकामाच्या कार्यशाळेला गेला. स्वतःच्या हाताने एक सुरी घडवली, तळहाताला फोड आणले, आणि ती सुरी दिवाणखान्यातल्या कपाटात, काचेमागे ठेवली. अशा कार्यशाळा आता पुष्कळ निघाल्या आहेत. कुठे तांब्याचे ठोककाम शिकवतात, कुठे जुनी इंजिने खोलून पुन्हा सुरू करायला शिकवतात.

गेल्या उन्हाळ्यात हे दोघे मामांच्या पालाखाली समोरासमोर आले. पुतण्या भारावून म्हणाला, "काका, केवढी मोठी विद्या आपल्या डोळ्यांदेखत मरते आहे!" मामांचा मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "मरंना का. तुमच्या घरची न्हाई ना ती."

मला दोघेही बरोबर वाटले. दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी बरोबर वाटू लागल्या की मास्तर माणसाची झोप उडते.

पुतण्याची बाजू आधी घेतो. मरते आहे ती काय चीज आहे, हे मला त्याच उन्हाळ्यात पाहायला मिळाले. लाकडी चाकाची बैलगाडी आमच्याकडे आता विरळाच. रबरी टायरच्या गाड्यांनी ती केव्हाच मागे टाकली. पण एका घरात आजोबांची गाडी होती आणि चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला त्याच गाडीतून जायचे, असा घरच्यांचा हट्ट होता. चाकाची धाव सैल झालेली. धाव म्हणजे चाकाला बाहेरून घातलेली लोखंडी पट्टी. ती मामांनी उतरवली, तोडली, आखूड केली, पुन्हा जोडली. मग जमिनीवर गोवऱ्यांचे गोल रिंगण रचून ती त्यात पुरली आणि पेटवून दिली. शेजारी चाक आडवे मांडलेले, हाताशी पाण्याच्या घागरी. धाव लाल झाली तेव्हा चौघांनी सांडशीने उचलून ती चाकावर आणली, मामा घणाने टोले देत भोवती फिरले. लाकडाने पेट घेतला, धुराने डोळे भरले, आणि मग एकदम पाणी! वाफेच्या त्या ढगातून चाकाचा आवाज ऐकू येत होता: आरे तुंब्यात शिरताना, पुठ्ठे एकमेकांवर आवळताना होणारी कटकट. अर्ध्या घटकेपूर्वी हाताने हलवले तरी खुळखुळणारे चाक दगडासारखे एकजीव झाले.

यातले शास्त्र पाठ्यपुस्तकात आहे. तापमान एक अंशाने वाढले की लोखंड आपल्या लांबीच्या लाखात सव्वा भाग वाढते. साडेचार फुटी चाकाचा घेर सुमारे चौदा फूट. धाव सहाशे अंशांनी तापवली तर ती सव्वा इंचाने सैलावते, आणि निवताना तेवढीच आवळते. हे मी वर्गात खडूने लिहून दाखवलेले आहे. पण मामांना मी विचारले, "धाव चाकापेक्षा किती आखूड करायची?" तर ते म्हणाले, "लाकूड बघून." मी वही काढली होती, ती मिटली. कारण लाकूड किती सुकले आहे, सांध्यांत किती फट पडली आहे, गाडीवर काय लादणार आहेत, हे सगळे त्या दोन शब्दांत होते. धाव जास्त आखूड झाली तर आरे वाकतात. कमी झाली तर वैशाखात भर रस्त्यात ती गळून पडते आणि गाडी माणसांसकट कलंडते.

दुसरे उदाहरण छिन्नीला पाणी देण्याचे. टोक लाल करून पाण्यात बुडवायचे. ते इतके कडक होते की काचेसारखे फुटेल. मग ते दगडावर घासून पांढरे करायचे आणि मागच्या अंगाची ऊब पुढे येताना पाहायची. स्वच्छ केलेल्या पोलादावरून रंग चालत येतात: आधी फिकट गवती, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. छिन्नीला कुठला रंग, कुऱ्हाडीला कुठला, हे ठरलेले; तो टोकाशी पोचला की त्याच क्षणी पुन्हा पाणी. गवती पिवळा दिसतो तो साधारण सव्वादोनशे अंशांवर. गंमत अशी की आपल्या आयांच्या पातेल्यांवर फिरणारे कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, म्हणजे जवळपास तिथेच. कल्हईवाल्याजवळही तापमापक नव्हता. नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची, कापसाचा बोळा फिरवायचा. डोळ्याने आणि नाकाने त्याला कळत असे. लोहाराचे पाल अंधारे का असते, हेही मला त्याच दिवसांत कळले. मी ते दारिद्र्य समजत होतो. तापल्या लोखंडाचा रंग उन्हात वाचता येत नाही, म्हणून तो अंधार मुद्दाम राखलेला असतो.

असे ज्ञान पुस्तकात का उतरत नाही याची एक जुनी चिनी गोष्ट आहे. च्वांग-त्सूच्या ग्रंथात ती येते. राजा दिवाणखान्यात थोरांची वचने वाचीत बसला आहे आणि खाली अंगणात चाके करणारा एक म्हातारा त्याला सुनावतो की, महाराज, आपण गाळसाळ वाचता आहात. राजा खवळतो. म्हातारा म्हणतो, माझ्या हाताचा नेमका बेत मला माझ्या पोरालासुद्धा शब्दांत देता आला नाही. म्हणून सत्तराव्या वर्षी मीच चाके करतो आहे. हजारो वर्षे लोकांनी ही गोष्ट पुस्तकी पंडितांची थट्टा म्हणून वाचली. मला तीत आता वेगळेच दुःख दिसते. त्या म्हाताऱ्याला आपल्या पोराशिवाय दुसरा शिष्य सुचलाच नाही. पोराला येत नसेल, किंवा नको असेल, तर पुढे काय?

पुढे काय होते ते आपल्याच मुलखात घडून गेले आहे. कळंब १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. त्याच राज्यात, तेलंगणातल्या निजामाबादजवळ, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथले भट्टीवाले मातीच्या मुशीत लोखंड बंद करून असे पोलाद काढीत की ते घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत. दमास्कसच्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, ती अशा हिंदुस्थानी पोलादातून उठत असे. विलायतेत मायकेल फॅरडेने १८१९ साली या पोलादाचे पृथक्करण केले. विजेच्या शोधांनी जगाला माहीत असलेला हा फॅरडे स्वतः एका लोहाराचा मुलगा होता. तरी पुढे इथल्या भट्ट्या विझल्या, आणि ती नक्षी नेमकी कशी उठते हे सांगणारा कोणी उरला नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन व्हरहोव्हन हा धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हा लोहार, असे दोघे मिळून वर्षानुवर्षे खटपट करीत राहिले. तेव्हा १९९८ साली त्यांना सांगता आले की, खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा लवलेश आणि लोहाराचे पुन्हा पुन्हा तापवणे-ठोकणे यांतून ती नक्षी जमते. एका पंडिताला आणि एका कारागिराला जे कोडे मिळून सोडवावे लागले, ते आपल्याकडची अक्षरशत्रू माणसे रोज पोटासाठी सोडवीत होती. तेव्हा पुतण्याचा हळहळीचा सूर पोकळ आहे, असे मला म्हणवत नाही.

आता दुसरी बाजू. आणि ती मला अधिक जड वाटते.

त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. बलुतेदारीचा कारभार आतून कसा चाले हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो वाचावा. लोहार वर्षभर फाळ, कुळवाच्या पासा, विळे, खुरपी शेवटून देई, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा उचली. गावावाचून लोहाराचे आणि लोहारावाचून गावाचे अडते, असे हे चित्र लांबून फार गोड दिसते. पण या व्यवस्थेत लोहाराच्या पोराला 'मला हे नको' म्हणण्याची सोय नव्हती, आणि दुसऱ्या कोणाच्या पोराला 'मला हे हवे' म्हणण्याचीही नव्हती. जातीने कामे वाटली नाहीत, माणसेच वाटून टाकली, हा डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली घेतलेला आक्षेप ऐरणीपाशी बसले की फार नीट समजतो. मामा सातव्या वर्षी भात्यावर बसले. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या उजव्या कानाला आता ऐकू येत नाही, आणि पावसाळ्यात मनगट धरून बसतात. त्यांचा मुलगा 'मरू दे' म्हणतो तेव्हा तो विद्येला मरू दे म्हणत नाही; त्या न विचारण्याला मरू दे म्हणतो.

आणि मान? आमच्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलूखमैदान तोफ होती. निजामशाहीत १५४९ साली ती ओतली गेली, १६३२ साली परंड्याहून विजापूरला नेली. तोफेवर ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचे नाव कोरलेले आहे, हे चांगलेच झाले. परंतु एवढा धातू एका दमात वितळवायला भात्यांवर किती माणसे घामाघूम झाली असतील! त्यांचे नाव कोण कोरणार? आजही गावाबाहेर पाले ठोकून घिसाडी उतरतात. नवरा सांडशीत लोखंड धरून बसतो आणि बायको उभी राहून घण घालते. लहान मूल जवळच झोळीत असते. तिच्या घणाचा टोला जिथे पाहिजे तिथेच पडतो. केसभर चुकला तर नवऱ्याचा हात जाईल. शहरात हजारोंची फी घेऊन घण कसा धरावा हे शिकवतात, तिथे गुरू म्हणून या बाईला कोणी बोलावल्याचे मी ऐकलेले नाही.

मग काय करायचे? जन्माने बांधलेली विद्या ठेवायची, की मुक्त करून मरू द्यायची? हा पेच खोटा आहे असे मला वाटू लागले ते एका इंजिनामुळे.

मामांच्या शेजारी एका मिस्त्रीचे दुकान आहे. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीची जुनी तेलइंजिने दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना पुण्याला १९४६ साली निघाला, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत मोटेची जागा इंजिनाने घेतली. आता विजेचे पंप आले आणि ती इंजिने भंगारात निघाली. काही हौशी लोक ती विकत घेऊन, रंग देऊन, प्रदर्शनात चालवून दाखवतात. हे इंजिन गावात आले तेव्हा ते कोणाच्याच बापाचे नव्हते. त्याची जात ठरलेली नव्हती. ज्याला गोडी त्याने पाना हातात घेतला. हे मिस्त्री मुसलमान, त्यांचा उस्ताद मराठा, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत दलित वस्तीतली दोन पोरे. हँडल मारायला शिकवताना ते पहिली गोष्ट सांगतात: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलभोवती वळवू नकोस. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हा नियम बापाने मुलालाच सांगावा असे काही नाही. जो हँडल धरील त्याला सांगावा लागतो.

हेच मोठ्या प्रमाणावर बार्शी लाइट रेल्वेने केले असावे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियरने अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली बार्शीला आणली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्यातून खास इंजिने घडवून घेतली. १९११ साली गाडी लातूरला पोचली. कळंबात ती कधी आलीच नाही. 'कळंब रोड' नावाचे एक स्टेशन तेवढे आमच्या वाट्याला आले. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००७-०८ मध्ये लातूरकडचे रूळ मोठे झाले. या गाडीच्या रमतगमत चालण्यावर आमच्याकडे पुष्कळ विनोद झाले. पण आसपासच्या खेड्यांतली कितीतरी घरे अशी आहेत की त्यांतला पहिला फिटर, पहिला बॉयलरवाला कुर्डुवाडीच्या कारखान्यात तयार झाला. आगीपाशी उभे राहायला तिथे लोहाराच्या पोटी जन्मावे लागत नव्हते.

म्हणून कार्यशाळा ही कल्पना मला मुळात आवडते. जन्माऐवजी गोडी हा प्रवेशाचा दाखला मानणारी ती जागा आहे. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, तिच्यातही हेच बीज होते. पण पुढे अनेक शाळांत तिचा टकळीचा तास झाला, आणि त्या सुताचे कोणी कापड विणले नाही. माझ्या मते ती योजना तिथेच फसली. ज्या वस्तूची कोणी वाट पाहत नाही ती करताना हात शिकतो, पण माणूस शिकत नाही. काचेमागच्या सुरीला धार आहे की नाही हे कोण विचारणार?

पुतण्याला मामांनी पहिले दोन दिवस पंखा फिरवायला लावले. तिसऱ्या दिवशी एक खुरपे शेवटायला दिले. ते खुरपे कोथळ्यातून काढून देणारी बाई तिथेच पायरीवर बसून होती. तिला रोजाने खुरपायला जायचे होते. पुतण्याने मन लावून काम केले. बाईने अंगठ्याने धार चाचपली, खुरपे परत त्याच्यापुढे टाकले आणि म्हणाली, "बोथट हाय, बाबा. पुन्यांदा कर. माजा रोज बुडायलाय." त्या कार्यशाळेत मिळालेल्या सुंदर प्रमाणपत्रावर अशी सही कोणी केली नसती. त्याने पुन्हा केले. संध्याकाळपर्यंत तो गप्प होता, आणि मला तो पहिल्यांदाच लोहारकाम शिकतो आहे असे वाटले.

मामांनाही एक प्रमाणपत्र मिळाले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहारांसह अठरा प्रकारचे कारागीर येतात. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, रोजचे पाचशे रुपये आणि अवजारांसाठी पंधरा हजार. पन्नास वर्षे घण मारलेल्या माणसाला काय शिकवले, असे मी विचारले. मामा हसून म्हणाले, "शिकल्याबद्दल मलाच पैसं दिलं, गुरुजी. आजवर कुनी दिलं न्हवतं." मात्र ही योजना जो आधीच या कामात आहे त्याच्यासाठी आहे. ज्याला बाहेरून आत यायचे आहे त्याची वाट अजून मामांच्या पायरीवरूनच जाते.

आता नवी गोष्ट अशी निघाली आहे की पुतण्याच्या ओळखीचे सहा-सात जण पुढच्या उन्हाळ्यात कळंबला येऊन मामांकडे शिकू म्हणतात. मामांनी मला विचारले, "किती घेऊ?" मी पुण्याचा भाव सांगितला. मामांना तो आकडा म्हणजे थट्टाच वाटली, "एवढं देतंय व्हय कुनी घण माराया!" त्यांचा मुलगा गणपतीच्या सुट्टीला आलेला होता. तो भिंतीला टेकून ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने आत जाऊन ऐरणीच्या ठोकळ्याला पडलेली भेग बोटाने चाचपली आणि बाहेर येऊन बापाला म्हणाला, "तेवढंच घ्या, आबा. एक रुपाया कमी न्हाई. अन् पुण्याच्या दोघांमागं गावातलं एक पोरगं फुकट घ्या."

मामा म्हणाले, "आपल्यातलं आता कोण येतंय इकडं?"

"आपल्यातलंच पायजे असं कुटं म्हनलो मी?" तो म्हणाला. "पोरगी आली तरी घ्या. फकस्त तिला आदी इचारा."